पुण्याची कोतवाली व गुन्ह्यापूर्वींचा अटकाव : घाशीरामविषयक लेखनाचें परीक्षण

१

अपराध घडल्यावर अपराध्यास धरावें, याविषयीं कोणाचाच मतभेद नाहीं. परंतु अपराध घडण्यापूर्वींच, केवळ वागणुकीवरून अथवा संशयावरून, शहराच्या रखवालदारानें माणसास अडकवून ठेवावें कीं नाहीं, हा प्रश्न जुना असून अद्यापि वादग्रस्त आहे. कायदेपंडित त्याची चर्चा बहुधा इंग्रजी कायद्यापासून आरंभितात. आम्हांस असें वाटतें कीं, या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा पुरावा पुणें शहराच्या इतिहासांतच, अवघ्या अठरा वर्षांच्या अंतरानें, मिळतो. इ. स. १७७३ मध्यें वेळेवर हात न घातल्यामुळें पेशवा मारला गेला, इ. स. १७९१ मध्यें वेळेपूर्वीं हात घातल्यामुळें कोठडींत कोंडलेलीं माणसें गुदमरून मेलीं. पहिला प्रसंग राजकारणाच्या प्रकरणांत पडला व दुसरा घाशीराम कोतवालाच्या दुष्टपणाच्या कथेंत गेला. त्यामुळें हे दोन प्रसंग शेजारीं ठेवून वाचण्याची संवय इतिहासलेखकांस लागली नाहीं.

घाशीरामाविषयीं आजवर जें लिहिलें गेलें आहे, त्याचा मुख्य दोष आमच्या मतें हाच होय. त्यांत माणसाचा विचार पुष्कळ आहे. अधिकाराचा विचार फार थोडा आहे. घाशीरामाची तरफदारी करणें हा या लेखाचा हेतु नाहीं. त्याच्या हातीं जो अधिकार होता, तो कोठून आला, त्याच्या पूर्वीं व नंतर तो कसा चालला, आणि त्यांत उणें काय होतें, एवढेंच पाहावयाचें आहे.

२

प्रथम १७७३ चा प्रसंग घेऊं. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं वध केला. या कटाची चर्चा आजवर एकाच अंगानें झाली आहे : राघोबादादांचा आदेश काय होता, पत्रांतील अक्षर कोणीं फिरविलें, आनंदीबाईंचा हात किती. परंतु ग्रँट डफनें दिलेल्या हकीकतींत एक लहानशी गोष्ट आहे, तिच्याकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. त्या दिवशीं दुपारपूर्वींच नारायणरावांस पायदळाच्या गडबडीचा सुगावा लागला होता, व त्यांनीं हरिपंत फडके यांस बंदोबस्त करण्यास सांगितलें होतें. हरिपंतांनीं होय म्हटलें. परंतु वेळ भोजनाची असल्यामुळें ते आधीं एका स्नेह्याकडे जेवावयास गेले. बंदोबस्त झाला नाहीं व त्याच दुपारीं गारदी वाड्यांत शिरले.

या हकीकतीचा तपशील तंतोतंत खरा असेल किंवा तींत मागाहून कांहीं रंग भरला असेल. पण तिच्या मुळाशीं असलेली गोष्ट नाकारतां येत नाहीं. गारद्यांचा असंतोष गुप्त नव्हता. पगाराच्या थकबाकीची त्यांची तक्रार उघड होती. पुढें रामशास्त्री प्रभुणे यांनीं या खुनाची चौकशी केली, आणि तींतील निर्भयपणाबद्दल महाराष्ट्र त्यांस आजहि आदरानें स्मरतो. परंतु ती चौकशी कितीहि उत्तम झाली तरी तिनें मेलेला पेशवा परत येण्यासारखा नव्हता. जे म्हणतात कीं अपराध घडेपर्यंत सरकारनें स्वस्थ बसावें, त्यांनीं ही दुपार विसरूं नये. उत्तरकालीन न्याय हें पूर्वकालीन बंदोबस्ताचें स्थान घेऊं शकत नाहीं.

या पार्श्वभूमीवर पुढील चार वर्षें पाहावींत. राघोबादादा इंग्रजांकडे गेले. सदाशिवरावभाऊंचें नांव घेऊन तोतया उभा राहिला. त्याच्यामागें किल्ले गेले, माणसें गेलीं, आणि १७७६ च्या अखेरीस त्यास पुण्यांत देहान्त शासन झालें. १७७७ च्या आरंभीं घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडील उत्तरदेशीय ब्राह्मण पुण्याचा कोतवाल झाला, आणि शहरांतील बातमी राखण्याच्या कामीं नाना फडणिसांनीं त्याजवर विश्वास टाकला. ज्या कारभाऱ्यानें चार वर्षांत एक खून व एक तोतया पाहिला, त्यास परक्या माणसाची, रात्रीच्या हालचालीची व कुजबुजीची भीति वाटावी, यांत नवल नाहीं. हें अनुमान आमचें आहे; परंतु नेमणुकीचें कारण नानांच्या खासगी चारित्र्यांत शोधण्यापेक्षां तें आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें.

३

आतां अधिकाराच्या उगमाकडे वळूं. कोतवालाचें पद पेशव्यांनीं निर्माण केलें नाहीं. अबुल फजलच्या ऐने-अकबरींत कोतवालाचीं कर्तव्यें सांगितलीं आहेत. त्यांत घरांची नोंद ठेवणें, मोहल्ल्यांतील लोकांस परस्परांच्या वागणुकीबद्दल बांधून घेणें, येणाऱ्या-जाणाऱ्यांची खबर ठेवणें, आणि लोकांच्या जमाखर्चावरहि नजर ठेवणें या गोष्टी आहेत. मिळकतीपेक्षां खर्च अधिक करणाऱ्यावर अपराध घडण्यापूर्वींच लक्ष ठेवावें, असाच त्याचा अर्थ. म्हणजे पूर्वप्रतिबंध हा कोतवालीचा आगंतुक भाग नसून तिचा पायाच आहे.

पुण्याच्या कोतवालीचें कामहि याच वळणाचें होतें. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींतील कागदांवरून, व त्यांच्या आधारें सुरेंद्रनाथ सेन यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या राज्यकारभारावरील ग्रंथावरून, कोतवालाकडे काय काय होतें तें कळतें. पेठांतील तंटे तोडणें, रस्ते, गल्ल्या व घरें यांविषयींचे वाद मिटविणें, जमिनीच्या खरेदीविक्रीची नोंद, वजनें-मापें व निरख, सरकारी कामास मजूर पुरविणें, खानेसुमारी, व शहरांत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद हीं सर्व कामें एकाच माणसाकडे. एकच मनुष्य न्यायाधीश, नोंदणी-कामगार, बाजारमास्तर व पोलीस. घाशीरामापूर्वींहि अनेक गृहस्थ या जागेवर होऊन गेले, आणि त्यांच्या हातींहि हींच कामें होतीं. घाशीरामानें हा अधिकार शोधून काढला नाहीं. त्यास तो तयार मिळाला.

रात्रीच्या बंदोबस्ताविषयीं सर्वांत वाचनीय साक्ष टोन या आयरिश लष्करी गृहस्थाची आहे. हा मराठ्यांच्या चाकरींत होता व मराठ्यांच्या कांहीं संस्थांविषयींचें त्याचें पत्र १७९९ सालीं छापलें गेलें. तो लिहितो कीं, पुण्यांत रात्रीं दहा वाजतां तोफ होते; त्यानंतर रस्त्यावर दिसेल त्यास गस्तवाले पकडतात व सकाळपर्यंत ठेवून घेतात; सकाळीं कोतवाल त्यास सोडतो. हा नियम इतका कडक कीं, अवेळीं बाहेर पडल्याबद्दल एकदां खुद्द पेशव्यांसहि रात्रभर अटकेंत राहावें लागलें, असेंहि तो सांगतो.

पेशव्यांच्या अटकेची ही गोष्ट बाजारांतील वार्ता असावी असें आमचें मत आहे. परंतु अशा वार्तेसहि ऐतिहासिक मोल असतें. नियम कसा असावा याविषयींची शहराची अपेक्षा तींत दिसते : तोफ झाल्यावर राव-रंक सारखे. टोनच्या लेखांतील महत्त्वाच्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. पहिली ही कीं, तो घाशीरामाच्या मृत्यूनंतरच्या पुण्याचें वर्णन करीत आहे. म्हणजे १७९१ च्या अनर्थानंतरहि तोफ, गस्त व रात्रीची अटक हीं जशींच्या तशीं चालू होतीं. माणूस गेला, अधिकार राहिला. दुसरी ही कीं, पकडणारा व सोडणारा एकच आहे. रात्रीं ज्याच्या प्याद्यांनीं धरलें, सकाळीं त्याच्याच मर्जीनें सुटका. मध्यें तिसरा कोणी नाहीं.

४

१७९१ चा प्रसंग वाचकांस ठाऊक आहे. म्हणून तो थोडक्यांत देतों. त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस पुण्यास आलेल्या तैलंग ब्राह्मणांचा एक जथा घाशीरामाच्या लोकांनीं पकडून एका अरुंद कोठडींत कोंडला. ते चौतीस होते व त्यांपैकीं एकवीस गुदमरून मेले, असा प्रचलित आकडा आहे. पकडण्याचें कारण कोणी बागेंतील फळें तोडल्याचें देतात, कोणी चोरीच्या संशयाचें. मानाजी फाकडे यांस ही वार्ता कळतांच त्यांनीं कोठडी उघडविली व गोष्ट पेशव्यांच्या कानावर गेली. ब्राह्मणसमुदाय खवळला, घाशीरामास त्यांच्या स्वाधीन करणें नानांस भाग पडलें, त्याची धिंड काढून दगडांनीं त्यास ठार मारण्यांत आलें. हें सर्व दोन-तीन दिवसांत आटोपलें.

या प्रसंगाचे जे वृत्तांत पुढें रूढ झाले, त्यांची प्रत क्रमानें तपासली पाहिजे. फोर्ब्स याच्या १८१३ सालच्या ओरिएंटल मेमॉयर्स या ग्रंथांतील हकीकत वाचकांच्या फार परिचयाची आहे. परंतु फोर्ब्स १७८४ मध्येंच हिंदुस्थान सोडून गेला होता. ही हकीकत त्यानें पाहिलेली नसून, पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्याकडून आलेली आहे. मॅलेट त्या वेळीं पुण्यांतच होता, म्हणून ती साक्ष समकालीन खरी. पण ती परक्या दरबारच्या वकिलाची आहे, आणि नानांच्या कारभारांतील छिद्र टिपणें हें त्याच्या कामाचें अंगच होतें. ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या इतिहासांत हा प्रसंग फार थोडक्यांत सांगितला आहे, आणि त्याचा रोख कोतवालाच्या जुलमावर व नानांच्या दुर्लक्षावर आहे.

मोरोबा कान्होबा यांचें घाशीराम कोतवाल हें पुस्तक १८६३ सालीं, म्हणजे प्रसंगानंतर बाहत्तर वर्षांनीं निघालें. मराठी गद्याच्या इतिहासांत त्याचें स्थान आहे. पण तें बखर नव्हे. घाशीरामाचें नांव धरून नाना विषयांवरील संभाषणें व तत्कालीन समजुती गुंफण्याचा तो प्रयत्न आहे. तरीहि पुढील अनेकांनीं त्यांतील प्रसंग पुराव्यासारखे उचलले. विजय तेंडुलकरांचें त्याच नांवाचें नाटक ता. १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यांत प्रथम झालें. त्यावर पुष्कळ वादंग माजलें, आणि तें जवळजवळ सगळें नानांच्या शीलाविषयीं होतें. नाटककारास इतिहासाचा दाखला मागणें आम्हांस अप्रस्तुत वाटतें. नाटकाचा न्याय नाटकाच्या नियमांनीं व्हावा. किंबहुना, सत्ताधारी पुरुष आपल्या सोयीसाठीं कोतवालास मोठा करतो व गैरसोय होतांच त्यास लोकांपुढें टाकतो, ही गोष्ट नाटककारानें इतिहासकारांपेक्षां अधिक स्पष्ट पाहिली. परंतु त्या वादानेंहि विषय पुन्हा माणसांवरच आणून ठेवला : घाशीराम किती नीच, नाना किती लंपट. कोठडीच्या दाराची किल्ली कोणत्या नियमानें फिरत होती, हें कोणी विचारलें नाहीं.

आणखी एक गोष्ट या वृत्तांतांत अध्याहृत राहते. घाशीरामाचा मृत्यु हाहि एक प्रकारें चौकशीवांचूनचाच हस्तक्षेप होता. रामशास्त्र्यांनीं नारायणरावांच्या वधाची जशी छडा लावणारी चौकशी केली, तशी येथें होऊं दिली असती, घाशीरामाची व त्याच्या प्याद्यांची जबानी होऊन निवाडा झाला असता, आणि मग देहान्त शासन झालें असतें, तर त्या शहरास कळलें असतें कीं कोंडण्याचा हुकूम कोणाचा होता, कोतवालास त्याची खबर केव्हां झाली, व असे किती लोक पूर्वीं कोंडले गेले होते. दगड मारणाऱ्या समुदायानें सूड घेतला, पण त्याबरोबर साक्षहि पुरली. कारभाऱ्यांस तें सोईचें झालें असल्यास नकळे.

५

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. गुन्ह्यापूर्वींचा अटकाव म्हणजे केवळ कोंडणें, असें समजण्याचें कारण नाहीं. मराठी कारभारांत या कामासाठीं दुसरें एक साधन होतें व त्याचे कागद आमच्या वाचकांच्या रुमालांतून अनेकदां सांपडतात. तें साधन जामिनाचें होय. हजर राहण्याबद्दल हाजिरजामीन, तसा पुढील वागणुकीबद्दल फैलजामीन. अमक्यानें पुन्हा दंगा करूं नये, केल्यास जामीनदारानें जाब द्यावा, असा कतबा किंवा मुचलका लिहून घेतला कीं, मनुष्य आपल्या घरीं जाई व आपला धंदा करी. अपराध घडण्यापूर्वींच सरकारनें हात घातला, परंतु तो हात कागदावर पडला, माणसाच्या गळ्यावर नव्हे.

पुण्याच्या कोतवालीचे १७६६ ते १७९४ या काळांतील कागद न. के. वागळे यांनीं अभ्यासून त्यांवरील निबंध इ. स. २००० मध्यें प्रसिद्ध केला, ही गोष्ट या दृष्टीनें फार मोलाची आहे. सरकार, जात व व्यक्ति यांचे संबंध त्या कागदांतून कसे दिसतात, हा त्यांचा विषय. या काळांत घाशीरामाचीं चौदा वर्षें संपूर्णपणें येतात. ज्या कोतवालाचें नांव केवळ एका कोठडीशीं जोडलें गेलें, त्याच्याच कचेरींतून बारीकसारीक तंट्यांचे, वागणुकीचे व दंडाचे कागद निघत होते. म्हणजे नोंद ठेवणें त्या चावडीस ठाऊक नव्हतें असें नाहीं. ज्या कामाची नोंद होई, त्याचा जाब मागतां येई. रात्रीची अटक हें तसें काम नव्हतें. सकाळीं माणूस सोडला कीं तें संपलें. या दोन साधनांतील हा भेद आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग कोतवालाचे लोक जामिनाऐवजीं कोठडीकडे कां वळत? याचें एक कारण त्यांच्या जबाबदारीच्या स्वरूपांत आहे. एल्फिन्स्टननें १८१९ सालच्या आपल्या अहवालांत दुसऱ्या बाजीरावाच्या वेळच्या कोतवालीचें वर्णन केलें आहे. कोतवालास दरमहा नऊ हजार रुपये मिळत. त्यांतून त्यानें प्यादे, गस्तीचे स्वार व रामोशी ठेवावे. आणि शहरांत चोरी झाल्यास गेलेल्या मालाबद्दलहि तोच जबाबदार. ही व्यवस्था घाशीरामानंतरच्या पिढीची आहे, हें ध्यानांत ठेवून आम्ही एवढेंच म्हणतों कीं, तींत तराजूचें एकच पारडें दिसतें. चोरी झाली तर कोतवालाचें नुकसान; निरपराधी माणूस रात्रभर कोंडला गेला तर कोतवालाचें कांहींच जात नाहीं. अशा तराजूंत कोणताहि कोतवाल, तो सज्जन असला तरी, शंका येतांच कोंडणेंच पसंत करील. त्यासाठीं घाशीरामाइतका दुष्ट असण्याची आवश्यकता नाहीं.

दुसरें कारण कोंडल्या जाणाऱ्या माणसाच्या स्थितींत आहे. फैलजामीन कोणास मिळे? ज्याचें गांवांत घर, ज्याची जात जवळ, ज्याचा सावकार ओळखीचा, त्यास. दूरदेशाहून आलेल्या तैलंग ब्राह्मणांस पुण्यांत कोण जामीन राहणार? भाषा निराळी, वस्ती धर्मशाळेची, ओळख कोणाची नाहीं. पेठेंतील दंगेखोर जामिनावर घरीं जाई आणि परदेशस्थ निरपराधी कोठडींत पडे. गुन्ह्यापूर्वींच्या अटकावाचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं. ज्यास जामीन नाहीं त्याच्यावर तो सगळा येऊन पडतो. १७९१ च्या वृत्तांतांत मेलेल्यांची जात सर्वांनीं लिहिली आहे, कारण तिच्यामुळें क्षोभ झाला. ते परके होते, हें वरवर नमूद झालें. पण अनर्थाचें मूळ त्यांतच होतें. आणि पुढचा प्रश्नहि टाळतां येत नाहीं : कोठडींत मेलेले ब्राह्मण नसते, तर पेशव्यांच्या दारीं समुदाय जमला असता काय?

६

कोणी म्हणेल कीं, हा दोष पेशवाईच्या ढिल्या कारभाराचा. लेखी कायदा आल्यावर तो गेला. इतिहास तसें सांगत नाहीं. पुण्याचेंच दुसरें उदाहरण घेऊं. ता. २२ जून १८९७ रोजीं रँड व आयर्स्ट यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर सरदार नातू बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनाखालीं पकडून, आरोप न ठेवतां व खटला न चालवितां, अडकवून ठेवण्यांत आलें. १८९९ मध्यें त्यांची सुटका झाली. खून चापेकर बंधूंनीं केल्याचें मधल्या काळांत न्यायालयांतच ठरलें होतें. नातूंस जामिनांची वाण नव्हती. त्यांच्या अटकेचा कागदहि होता. उणें होतें तें एवढेंच कीं, त्यांस कां धरलें हें सांगण्याचें बंधन सरकारवर नव्हतें व तें विचारण्याचा अधिकार कोणा न्यायाधीशास नव्हता. घाशीरामाच्या कोठडीस कागद नव्हता; या कोठडीस कागद होता, पण तो मुका होता.

याहून मोठें उदाहरण १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचें आहे. त्यांत वागणुकीचाहि प्रश्न राहिला नाहीं. जन्म हाच संशय ठरला. १९११ च्या नव्या कायद्यानें त्याची व्याप्ति मुंबई इलाख्यासह सर्वत्र झाली, आणि सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटे अशा लोकांच्या पिढ्या वाढल्या. हा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. एकदां मूळ तत्त्व असें मानलें कीं धोका दिसतांच धरावें, व धोका कोणाचा हें धरणाऱ्यानेंच ठरवावें, कीं तें एका रात्रीवर व एका माणसावर थांबत नाहीं.

आजचा कायदा या अनुभवांतून कांहीं शिकला आहे, हेंहि नमूद केलें पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७० व्या कलमान्वयें, दखलपात्र गुन्हा करण्याचा बेत कळल्यास व तो अन्यथा टळण्यासारखा नसल्यास, पोलिसांस वॉरंटावांचून अटक करतां येते; परंतु दुसरा कायदेशीर आधार नसल्यास ती चोवीस तासांपलीकडे टिकत नाहीं. त्याच संहितेंत चांगल्या वर्तनाबद्दल जामीन घेण्याचीं कलमें आहेत. ज्यांनीं फैलजामिनाचे कतबे वाचले आहेत, त्यांस तीं परकीं वाटणार नाहींत. दुसरीकडे महाराष्ट्रांत १९८१ चा धोकादायक व्यक्तींसंबंधींचा कायदा आहे. त्याखालीं खटल्यावांचून एक वर्षापर्यंत स्थानबद्धता होऊं शकते. तथापि तेथेंहि कारणें ठराविक दिवसांत कळवावीं लागतात व प्रकरण सल्लागार मंडळापुढें ठेवावें लागतें. हीं बंधनें प्रत्येक ठाण्यांत कितपत पाळलीं जातात, हा वेगळा विषय आहे. पण टोननें वर्णिलेल्या पद्धतींत जो तिसरा मनुष्य नव्हता, तो कायद्यानें निदान कागदावर तरी आणला आहे.

७

तेव्हां आमचें मत असें. वेळेपूर्वीं हात घालण्याचा अधिकार शहराच्या रखवालदारास असलाच पाहिजे; १७७३ ची दुपार हा त्याचा पुरेसा पुरावा आहे. परंतु त्या दुपारचें स्वरूप नीट पाहावें. तेथें धोका जवळचा होता, चिन्ह उघड होतें, माणसें ठराविक होतीं. आणि चौक्या बदलल्या असत्या, नाइकांस बोलावून थकबाकीची बोली केली असती, तरी कोणास कोठडींत घालण्याची जरूर पडली नसती. १७९१ च्या रात्रीं यांपैकीं कांहींच नव्हतें. दोन्ही प्रसंगांस एकाच नांवानें संबोधून त्या अधिकाराची सरसकट स्तुति अथवा सरसकट निंदा करणें, दोन्हीहि चूक.

अधिकार चालवितांना तीन गोष्टी अवश्य आहेत : कोणास व कां धरलें याची तत्काळ नोंद, मुदत ठरलेली, आणि सोडणारा अथवा ठेवणारा धरणाऱ्याहून वेगळा. यांत तिसरी सर्वांत महत्त्वाची, कारण तिच्यावांचून पहिल्या दोन नांवापुरत्या राहतात. घाशीरामाच्या जागीं रामशास्त्र्यांसारखा निःस्पृह पुरुष बसविला असता, तरी हीं तीन नसतां त्याच्या प्याद्यांनीं केव्हांतरी कोणास तरी अरुंद कोठडींत कोंडलें असतें. आणि हीं तीन असतीं, तर घाशीरामासारख्याच्या अमलांतहि ते तैलंग ब्राह्मण बहुधा वांचले असते. सज्जन कोतवाल मिळावा अशी इच्छा करणें योग्य आहे, पण तिच्यावर शहर विसंबूं शकत नाहीं.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. घाशीरामाविषयीं नवें पत्र सांपडलें कीं आपण हर्षभरित होतों. आणि पेठेंतील कोणा अप्रसिद्ध इसमाचा फैलजामिनाचा चतकोर कतबा, गस्तीच्या रामोशांच्या हजिरीची याद, अथवा चावडीच्या जमेंत आलेली चार आण्यांची गुन्हेगारी हीं रुमालांत तळाशीं ठेवतों. या परीक्षणावरून दिसेल कीं प्रश्नाचें उत्तर त्या तळाच्या कागदांतच आहे. कोणास, कोणत्या संशयावरून, किती काळ अडविलें, जामीन कोण राहिला, आणि ज्यास जामीन मिळाला नाहीं त्याचें काय झालें, हें ज्या कागदांतून कळेल, ते कृपा करून नकलून पाठवावे. नांवें अप्रसिद्ध आहेत म्हणून ते टाकून देऊं नयेत. कोठडींत गेलेल्या त्या तैलंगांचीं नांवें सांगावयास आज आपणांपाशीं एवढाहि चतकोर नाहीं; ज्यांचा आहे, त्यांचा तरी जपून ठेवावा.